व्यसनमुक्ती, स्त्रिया आणि सामुदायिक मानसिक आरोग्य : डॉ. अनिता अवचट यांचे कार्य व नंदुरबार जिल्ह्याचा ऐतिहासिक अनुभव

प्रस्तावना

शहादा परिसरातील आदिवासी स्त्रिया १९७२-७३ च्या सुमारास गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. त्यांनी दारूची मटकी फोडली, दारू पिऊन बायकोला मारहाण करणाऱ्या पुरुषांना गावासमोर उभे केले आणि त्यांना जाहीर माफी मागायला लावली. महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद आदराने घेतली जाते. तथापि ही नोंद राजकीय वा श्रमिक चळवळीच्या प्रकरणात येते. आरोग्याच्या इतिहासात ती येत नाही. दुसरीकडे, पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा उल्लेख वैद्यकीय सेवा किंवा समाजसेवा या सदरात होतो. स्त्रियांच्या चळवळीच्या संदर्भात त्याचा विचार क्वचितच केला जातो.

या दोन घटनाक्रमांमागील प्रश्न मात्र एकच आहे. पुरुषाच्या व्यसनाचा भार ज्या स्त्रीवर पडतो, तिला समाजाने कोणती साथ द्यावी? शहाद्याच्या स्त्रियांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने दुसरे. प्रस्तुत लेखात डॉ. अवचट यांच्या कार्याचा आढावा घेऊन, नंदुरबार जिल्ह्याच्या ऐतिहासिक अनुभवाच्या पार्श्वभूमीवर त्याचे महत्त्व तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ही दोन्ही उत्तरे एकमेकांना पूरक असून त्यांपैकी कोणतेही एक स्वतंत्रपणे पुरेसे नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नंदुरबार जिल्हा : मद्य, सत्ता आणि प्रतिकार

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. ब्रिटिश काळात हा सर्व प्रदेश पश्चिम खानदेशात मोडत असे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के आहे. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके डोंगराळ आहेत, तर तापीकाठचा शहादा-तळोदा पट्टा सुपीक आहे. या सपाटीवरील जमीन आदिवासींच्या हातून कशी गेली, हा येथील आधुनिक इतिहासाचा मध्यवर्ती विषय आहे आणि मद्याचा प्रश्न त्यापासून वेगळा काढता येत नाही.

मोहाची दारू हा आदिवासी जीवनातील एक जुना घटक आहे. जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य या प्रसंगी तिला विधीचे स्थान आहे. त्यामुळे आदिवासींचे मद्यपान म्हणजे केवळ दुर्गुण, ही बाहेरच्या सुधारकांची समजूत अपुरी ठरते. परिस्थितीत मोठा फरक पडला तो १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यामुळे. घरगुती गाळप गुन्हा ठरले आणि मद्यविक्री मक्तेदाराच्या हाती गेली. घरी वा गावात विधीसाठी गाळली जाणारी वस्तू आता पैसे देऊन किंवा उधारीने विकत घ्यावी लागू लागली. सावकार, मक्तेदार आणि जमीनदार यांच्या व्यवहारात दारू ही कर्जाची एक वाट बनली. पुढे सालदारी पद्धतीतही, म्हणजे वर्षभराच्या कराराने शेतावर राबणाऱ्या मजुराच्या बाबतीत, उचल आणि दारू ही मजुराला बांधून ठेवण्याची साधने झाली.

या परिस्थितीला स्थानिक समाजाने वेळोवेळी विरोध केला. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात देवीची चळवळ पसरली. देवीच्या आज्ञेने मद्य व मांस सोडणे आणि मद्यविक्रेत्यांशी संबंध तोडणे हे तिचे स्वरूप होते. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला असून, ती वरच्या जातींचे अनुकरण नसून शोषकांची सत्ता नाकारणारी कृती होती, असे दाखवून दिले आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी आप धर्माचा प्रसार केला. सामुदायिक आरती, स्वच्छता, दारूबंदी आणि एकमेकांना 'आप' असे आदरार्थी संबोधन ही त्याची वैशिष्ट्ये होती. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालविले. ज्या समाजाला एकेरी हाका ऐकण्याची सवय लावण्यात आली होती, त्या समाजाने परस्परांना 'आप' म्हणावे, यातील मानसिक आशय लक्षणीय आहे. दारू सोडणे आणि आत्मसन्मान मिळविणे या दोन गोष्टी येथे एकाच कृतीत गुंफलेल्या होत्या.

१९७२ च्या सुमारास श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिला हा वारसा लाभला होता. अंबरसिंग महाराज सुरतवंती यांनी भजनाच्या माध्यमातून आदिवासी समाजात जागृतीचे काम आधीच सुरू केले होते. पुणे-मुंबईहून आलेले तरुण कार्यकर्ते आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे स्थानिक तरुण यांच्या सहभागाने जमीन व मजुरीचे लढे उभे राहिले. त्यात मोठ्या संख्येने उतरलेल्या स्त्रियांनी संघटनेच्या विषयपत्रिकेवर एक नवा विषय आणला. मजुरी वाढली, तरी वाढलेला पैसा गुत्त्यात जात असेल आणि रात्री मार खावा लागत असेल, तर ती वाढ कोणाची, हा त्यामागील प्रश्न होता. दुष्काळाच्या त्या काळात स्त्रियांनी स्वतःच्या पुढाकाराने गुत्ते बंद पाडले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिले आणि शहाद्याच्या स्त्रियांची कृती जागतिक अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

या कृतीने साधलेली गोष्ट मोठी होती. घरातील मारहाण ही खाजगी बाब न राहता गावाची बाब झाली. ज्या स्त्रीला आपल्या दुःखाचे कारण आपले नशीब वाटत होते, तिला तेच दुःख दहा घरांत दिसले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर हे मानसिक आरोग्याचे संवर्धनच होते, जरी त्या वेळी त्यास कोणी तसे नाव दिले नाही.

परंतु या कृतीस एक मर्यादाही होती. गुत्ता बंद झाला, तरी दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीराची व मनाची मागणी बंद होत नाही. अशा व्यक्तीची दारू अचानक तुटल्यास हातांना कंप सुटतो, झोप जाते, काहींना फिट्स येतात. दोन-तीन दिवसांनी भास व भ्रम सुरू होऊ शकतात आणि उपचार न मिळाल्यास ही अवस्था प्राणावर बेतू शकते. नाही ते दिसू लागलेला, असंबद्ध बोलणारा माणूस पाहिल्यावर घरच्यांनी त्याचा अर्थ बाहेरची बाधा असा लावला, तर त्यात नवल नाही. ज्या भागात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ करण्याचे प्रकार घडत आले आहेत, तेथे अशा बाधेचे खापर एखाद्या स्त्रीवरच फुटण्याची भीती असते. मटके फोडल्यानंतरच्या सकाळी पिणाऱ्याचे काय करायचे आणि त्याच्या पत्नीने कोणाकडे जायचे, या प्रश्नांना उत्तर देणारी व्यवस्था त्या काळी जिल्ह्यात नव्हती. फार काय, ती राज्यातही जवळजवळ नव्हती.

मनोरुग्णालयाच्या भिंती

त्या काळी मानसिक उपचार म्हणजे मनोरुग्णालय, हेच समीकरण होते. येरवड्याचे मनोरुग्णालय देशातील मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक, सुमारे अडीच हजार खाटांचे. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या या संस्थांची रचना मुख्यतः समाजाला रुग्णापासून दूर ठेवण्याच्या हेतूने झाली होती. जगभर या रचनेविरुद्ध विचार सुरू झालेला होता. इटलीत १९७८ मध्ये फ्रँको बसाग्लिया यांच्या प्रयत्नांतून मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा झाला. भारतातही अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहू देऊन उपचारात सामील करून घेतले होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. डॉ. अनिता अवचट यांचे कार्य याच कालखंडात घडले. मात्र ते वरून आलेल्या कार्यक्रमातून निघाले नाही. रुग्णालयातील रोजच्या अनुभवातून ते उभे राहिले.

डॉ. अनिता अवचट : येरवडा ते मुक्तांगण

घरी सुनंदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून शासकीय सेवेत होत्या. त्यांचे पती डॉ. अनिल अवचट हे वैद्यकीय पदवीधर असले तरी त्यांनी लेखन आणि सामाजिक प्रश्नांचा शोध हा मार्ग पत्करला. संसाराचा आर्थिक भार सुनंदाताईंच्या नोकरीवर होता आणि मुलींचे संगोपन व घरकाम यांत अनिल अवचट यांचा मोठा वाटा होता. त्या काळाच्या मध्यमवर्गीय घरात ही मांडणी असामान्य होती. पुढे व्यसनी पुरुषांच्या घरांतील स्त्री-पुरुष संबंधांकडे पाहण्याची जी दृष्टी त्यांच्या कामात दिसते, तिच्याशी या घरगुती समतेचा संबंध लावता येतो.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, झपाट्याने पसरली. १९८५ मध्ये केंद्र शासनाने अमली पदार्थविषयक कडक कायदा केला. पण कायद्याच्या नजरेत व्यसनी हा मुख्यतः गुन्हेगार होता. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे आर्थिक साहाय्य देऊ केले. प्रश्न असा होता की केंद्र चालविणार कोण? ती जबाबदारी सुनंदाताईंनी स्वीकारली. मनोरुग्णालयाच्या आवारातच जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

या केंद्राचे वेगळेपण त्याच्या पद्धतीत होते. पहिली गोष्ट म्हणजे व्यसन हा आजार आहे, ही भूमिका. व्यसनी माणूस नालायक वा दुबळ्या मनाचा नसून आजारी आहे आणि हा आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून पुन्हा पिऊन आलेल्याला दार बंद करायचे नाही. दुसरी गोष्ट, सक्तीचा अभाव. बंद कोठड्यांच्या परिसरात राहूनही येथे रुग्णाच्या संमतीवर आणि विश्वासावर भर दिला गेला. तिसरी गोष्ट म्हणजे दिनक्रम. सुरुवातीला शरीरातून व्यसनाचा अंमल उतरविण्याचे वैद्यकीय उपचार आणि त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांच्या वास्तव्यात गटचर्चा, व्यक्तिगत समुपदेशन, योग, संगीत व केंद्रातील कामांत सहभाग असा हा क्रम होता. चौथी आणि बहुधा सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे व्यसनातून बाहेर पडलेल्या रुग्णमित्रांनाच केंद्राचे कार्यकर्ते करणे.

या शेवटच्या पद्धतीमागे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या चळवळीचे तत्त्व दिसते. पिणाऱ्याला पिणाऱ्याचीच भाषा कळते, हे ते तत्त्व. तथापि तेथे ते स्वयंसाहाय्य गटापुरते होते. सुनंदाताईंनी त्याला वैद्यकीय उपचाराची जोड दिली आणि मनोविकारतज्ज्ञाच्या अधिकाराचा मोठा भाग ज्याला समाजाने टाकले होते त्याच्या हाती सोपविला. ज्या देशात मनोविकारतज्ज्ञांची संख्या लोकसंख्येच्या मानाने अत्यल्प होती, तेथे हा निर्णय जितका मानवी होता तितकाच व्यवहार्यही होता.

सहचरी : पत्नीचा स्वतंत्र विचार

व्यसनमुक्तीच्या बहुतेक विचारात पत्नी ही उपचाराचे साधन म्हणून येते. तिने नवऱ्याला आणावे, त्याची काळजी घ्यावी, त्याच्यावर लक्ष ठेवावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. मुक्तांगणात व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालू झाला, त्यात मात्र स्त्री ही स्वतः उपचाराची अधिकारी मानली गेली. नवरा पितो याचा दोष आपल्याकडे आहे का, त्याचे कर्ज आपण का फेडावे, पुन्हा प्यायला तर काय करायचे, मुलांना काय सांगायचे, हे प्रश्न या गटात एकमेकींसमोर मांडले जाऊ लागले. वर्षानुवर्षे भीतीत, जागरणात व लाजेत जगणाऱ्या स्त्रीला नैराश्य येते, शरीराच्या तक्रारी सुरू होतात आणि नवऱ्याने दारू सोडल्यावरही तिचा संशय व धास्ती एकदम जात नाहीत. तिच्या आजाराला नाव मिळणे हाच येथे उपचाराचा प्रारंभ ठरतो.

शहाद्याच्या स्त्रिया आणि पुण्यातील सहचरी यांच्यातील साम्य येथे स्पष्ट होते. दोन्हीकडे एकटीचे दुःख अनेकींसमोर बोलले गेले आणि त्यामुळे लाजेची जागा बदलली. फरक असा की शहाद्यात ती लाज पुरुषावर टाकली गेली. मुक्तांगणात ती दोघांवरूनही उतरविण्याचा प्रयत्न झाला. जाहीर माफीने त्या रात्रीची मारहाण थांबू शकते. पण अपमानित माणूस व्यसनापासून दूर राहीलच, अशी खात्री नसते. अपमान हेही पुन्हा पिण्याचे निमित्त होते. सुनंदाताईंच्या पद्धतीत माणसाला त्याच्या कृत्याची जबाबदारी घ्यायला लावण्याबरोबरच त्याला परत समाजात घेण्याची वाटही होती. व्यसनमुक्तीचा वाढदिवस कुटुंबासह साजरा करण्याची प्रथा हे त्या वाटेचे सार्वजनिक रूप होय.

केंद्र उभे राहत असताना सुनंदाताईंना कर्करोगाशी सामना करावा लागला. आजाराची तीव्रता वाढत गेली तरी त्यांनी काम सोडले नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. एखाद्या व्यक्तीच्या प्रभावावर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीबरोबर संपते, असा अनुभव अनेकदा येतो. मुक्तांगणाच्या बाबतीत तसे घडले नाही. अनिल अवचट यांनी २०२२ मधील आपल्या निधनापर्यंत आणि कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी, रुग्णमित्र कार्यकर्त्यांच्या साथीने, हे काम पुढे नेले. केंद्र स्वतःच्या वास्तूत गेले, स्त्री-रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला, गावोगावी पाठपुराव्याची केंद्रे निघाली आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण मिळू लागले. सुनंदाताईंनी अधिकार वाटून दिला होता, त्यामुळेच तो त्यांच्यानंतरही टिकला, असे म्हणता येईल.

दोन प्रवाहांची तुलना

मुक्तांगणाच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. व्यसनाला आजार मानल्याने व्यसनी माणसाची बदनामी कमी होते हे खरे. परंतु सर्वच दोष व्यक्तीच्या शरीर-मनात शोधला गेला, तर गुत्ता कोणाचा, त्याला परवाना कोणी दिला आणि मजुरीऐवजी दारू कोण पाजतो, हे प्रश्न मागे पडतात. सालदाराला पाजली जाणारी दारू हा केवळ मनोविकाराचा विषय नव्हता. त्या अर्थाने शहाद्याच्या स्त्रियांचे निदान अधिक व्यापक होते. शिवाय पाच आठवडे घर सोडून पुण्यास राहणे हे हातावर पोट असलेल्या, उसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला सहज शक्य नाही. भिलोरी, पावरी, मावची बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठीतील गटचर्चेत आपले मन मोकळे करता येईल, असेही गृहीत धरता येत नाही.

गडचिरोलीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्हाव्यापी दारूबंदी झाली. त्यानंतरही बेकायदा दारूचा प्रश्न राहिलाच. २०१६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तिपथ उपक्रमात गावांचे संघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार ही अंगे एकत्र आणावी लागली. केवळ बंदी किंवा केवळ उपचार पुरेसे नाहीत, हाच त्याचा अर्थ होतो.

सद्यःस्थिती

गेल्या काही दशकांत साधने वाढली आहेत. २००५ पासूनच्या ग्रामीण आरोग्य अभियानामुळे पाड्यापाड्यावर आशा कार्यकर्ती आहे. ती त्याच बोलीत बोलणारी, त्याच वस्तीत राहणारी स्त्री आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अघोरी प्रथांना गुन्हा ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश करून त्यांवरील उपचार हा हक्काचा विषय केला. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२२ पासून दूरध्वनीद्वारे मानसिक आरोग्य साहाय्य देणारी टेलिमानस ही राष्ट्रीय सेवा उपलब्ध आहे. परंतु डोंगरातील पाड्यावर दूरध्वनीची साखळी पोहोचते तेथपर्यंतच तिचा उपयोग होऊ शकतो.

ही साधने एकत्र जोडणारा धागा कोणता, हा खरा प्रश्न आहे. डॉ. अवचट यांचे उत्तर असे होते की ज्याने दुःख भोगले आहे, त्यालाच उपचाराचा कर्ता करावे. नंदुरबारच्या संदर्भात याचा अर्थ असा की दारू सोडलेला पावरा वा भिल्ल माणूस, आशा कार्यकर्ती आणि गावातील बचत गटातील स्त्रिया यांनाच प्रशिक्षण देऊन, जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय आधारासह, गावपातळीवरील सहचरी गट उभे करता येतील. भगत हा गावातील पहिला सल्लागार असतो, हे लक्षात घेऊन त्याच्याशी संवाद ठेवणे आणि छळाच्या प्रकारांत मात्र कायद्याचा आधार घेणे, हा विवेकही त्यात आवश्यक ठरेल.

समारोप

गुलाम महाराजांच्या अनुयायांनी दारू सोडताना एकमेकांना 'आप' म्हटले, शहाद्याच्या स्त्रियांनी मटकी फोडली आणि डॉ. अनिता अवचट यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनी माणसाला मित्र मानून त्याच्या पत्नीला स्वतंत्र स्थान दिले. या तिन्ही घटना आजवर धर्मसुधारणा, श्रमिक चळवळ व वैद्यकसेवा अशा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या गेल्या. मानसिक आरोग्याच्या दृष्टीने त्या एकत्र वाचल्यास नंदुरबार जिल्ह्याला या क्षेत्रात बाहेरून सर्व काही आणण्याची गरज नाही, हे दिसून येते. सामूहिक कृतीची परंपरा येथे आहे आणि तिच्या अग्रभागी स्त्रिया आहेत. उणीव आहे ती मटके फुटल्यानंतरच्या दिवसांत पिणाऱ्याला व त्याच्या सहचरीला आधार देणाऱ्या व्यवस्थेची. ती उणीव कशी भरून काढता येते, याचा एक कसोटीस उतरलेला नमुना डॉ. अवचट यांच्या अवघ्या दशकभराच्या कार्यात उपलब्ध आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी १९७२-७३ च्या आंदोलनातील वयोवृद्ध स्त्रियांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवण्याचे काम वेळीच हाती घेतल्यास, या परंपरेचा आजवर न लिहिला गेलेला भाग हातचा जाणार नाही.